लाकूड, राख आणि फुंकर

नागपूरच्या लकडगंज भागाचे नावच लाकडाशी जडलेले आहे. लाकडाच्या वखारीतले ओंडके पाहिले की दारे, खिडक्या, पलंग डोळ्यांपुढे येतात. काचेचा पेला कुणाला आठवत नाही. पण काचेचा इतिहास पाहू लागलो, की लाकूड पदोपदी भेटते.

आज पोलंडमध्ये असलेल्या श्क्लार्स्का पोरेंबा या डोंगराळ गावाच्या नावाचा अर्थ ‘काचकारांनी झाडे तोडून मोकळी केलेली जागा’ असा आहे. त्या परिसरात चौदाव्या शतकापासून काच बनत आली. काचकार रानात कशासाठी जात?

पहिले कारण उघड आहे : सरपण. दुसरे कारण राख. वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. ती वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. लाकडाच्या भट्टीला ते झेपत नाही. राखेतले पोटॅश वाळूत मिसळले, की मिश्रण बऱ्याच कमी तापमानाला वितळते. मात्र नुसत्या पोटॅशची काच पाण्यात विरघळते. राखेतला चुना तिला टिकाऊपणा देतो. या दोन गरजांपायी इतकी झाडे पडत, की जवळचे रान संपल्यावर भट्टीच दुसरीकडे हलवावी लागे.

तिसरा उपयोग साच्याचा. बर्फासारखी काच एका ठरावीक तापमानाला वितळत किंवा गोठत नाही. गुळाच्या पाकासारखी ती निवता निवता घट्ट होत जाते, म्हणजे तिची श्यानता वाढत जाते. तेवढ्या अवधीत कारागीर पोकळ लोखंडी नळीच्या टोकाला काचेचा गोळा घेऊन फुंकर मारतो. फुगलेला गोळा तो भिजवलेल्या लाकडी साच्यात घालून फिरवत राहतो. पाण्याची वाफ होऊन काच आणि लाकूड यांच्यामध्ये वाफेचा पातळ थर राहतो. म्हणून काचेचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो आणि सांध्याची रेघ उमटत नाही. पोलंडमधल्या हातकामाच्या कारखान्यांत ही रीत आजही चालते.

भांडे घडले तरी काम संपत नाही. बाहेरची बाजू आधी निवून आकसते, आतली मागाहून. या ओढाताणीने भांडे तडकते. म्हणून ते सुमारे ५०० अंशांपासून सावकाश निववतात. यालाच अनुशीतन म्हणतात.

वाळू आणि सरपण विकत मिळते. गोळा केव्हा फुंकायचा, हे ओळखणारी नजर विकत मिळत नाही. ती शिकावी लागते. हे ओळखूनच महाराष्ट्रात एक मोठे काम झाले. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभारला. त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला. या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे तरुणांना शिकवले. तळेगावला तयार झालेले कारागीर पुढे देशभरच्या कारखान्यांत गेले. १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या या कारखान्याचे ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचले.

घरात कंदिलाची जुनी काच किंवा जुनी बरणी असेल, तर ती उजेडासमोर धरून पाहा. एखादा बुडबुडा, कमीजास्त जाडी, किंचित वाकडी कड दिसेल. कुणा कारागिराच्या श्वासाची ती खूण असू शकेल.