ख्रिस्ती माणसाने नाताळ साजरा करावा का?

गोव्यात ज्या सणाला आपण नाताळ म्हणतो, त्याला उज्जैनमध्ये ‘बडा दिन’ म्हणतात. आपला शब्द पोर्तुगिजांकडून आला, मूळ लॅटिन, अर्थ जन्मदिवस. उत्तरेकडच्या शब्दात मात्र ना जन्माचा उल्लेख आहे ना ख्रिस्ताचा. मोठ्या मानाचा दिवस, असा त्याचा एक अर्थ सांगतात. या सुमारास दिनमान पुन्हा वाढू लागते म्हणून ‘बडा दिन’, असाही दुसरा अर्थ लोक लावतात. क्षिप्रेकाठच्या मराठी घरांत दोन्ही शब्द चालतात. शिंद्यांच्या राजवटीपासून तेथे मराठी माणसाची वस्ती आहे, आणि राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर या शेणवी गृहस्थांनीच अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, हे गोमंतकीय वाचकांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

प्रस्तुत विषय मात्र मंदिराचा नसून एका प्रश्नाचा आहे. डिसेंबर उजाडला की तो नव्याने विचारला जातो: बायबलमध्ये नाताळ साजरा करण्याची आज्ञा नाही, पंचवीस डिसेंबर ही तारीखही नाही, मग ख्रिस्ती माणसाने हा सण पाळावा कशासाठी? विचारणारे दोन प्रकारचे. एक घरातले, म्हणजे स्वतः ख्रिस्ती असलेले, शास्त्रवचनापलीकडे काहीही न मानणारे. दुसरे बाहेरचे, त्यांचा सूर ‘तुमच्याच ग्रंथात नाही तर एवढा थाट का’ असा असतो. २०११च्या जनगणनेनुसार गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या पंचवीस टक्के होती, मध्य प्रदेशात अर्धा टक्काही नव्हती. त्यामुळे गोव्यात दारावर लावलेला कागदी तारा ही डिसेंबरातली नेहमीची गोष्ट ठरते. उज्जैनच्या एखाद्या गल्लीत तोच तारा त्या घराची ओळख जाहीर करतो. तो लावावा की लावू नये, हा प्रश्न तेथे केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही.

आधी तारखेचे पाहू. कालगणनेचा वाद सोडवायला उज्जैनसारखी जागा नाही. सूर्यसिद्धान्ताने लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा मूळ मध्यरेषा मानली. भारतीय ज्योतिषाचा मध्यान्ह येथे मोजला गेला. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात येथे वेधशाळा उभारली. याच जयसिंगाने पाद्री मानुएल द फिगेरेदो या जेझुइटाला पोर्तुगालला धाडले. ते पथक युरोपातील ज्योतिषाची कोष्टके घेऊन परतले, आणि ती तपासता चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची चूक निघाली, असे जयसिंगाच्या ग्रंथात नोंदवले आहे. पुढे मोडकळीस आलेल्या या वेधशाळेची दुरुस्ती १९२३ साली माधवराव शिंद्यांनी करवली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तिचा कारभार पाहिला.

या वेधशाळेत एक शंकुयंत्र आहे: गोल ओटा, मध्ये उभा शंकू. बावीस डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीची सावली वर्षातील सर्वांत लांब पडते. उज्जैनच्या अक्षांशावर ती शंकूच्या उंचीहून किंचित अधिक भरते. नंतरचे तीन-चार दिवस ती जवळजवळ तेथेच थांबल्यासारखी दिसते, मग हळूहळू आखडू लागते. सूर्य उत्तरेकडे वळला, हे साध्या डोळ्यांना कळते ते या दिवसांत. ज्युलियस सीझरच्या पंचांगात दक्षिणायनाच्या अंताचा रूढ दिवस पंचवीस डिसेंबर हाच होता. सीझरचे वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे असल्यामुळे प्रत्यक्ष अयनबिंदू शतकागणिक मागे सरकत गेला, तारीख मात्र लोकांच्या मनात पक्की राहिली.

आपल्याला हे नवीन वाटू नये. मकरसंक्रांतीला आपण उत्तरायणाचा आरंभ म्हणतो आणि ती चौदा-पंधरा जानेवारीला साजरी करतो. सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो त्याला तोवर तीन आठवड्यांहून अधिक काळ लोटलेला असतो. आपले निरयन पंचांग नक्षत्रांना धरून चालते आणि अयनबिंदू संपातचलनामुळे सरकतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण एकाच दिवशी येत असत. खगोलदृष्ट्या तारीख चुकली म्हणून तिळगूळ खोटा झाला, असे कोणी म्हणत नाही.

आता ख्रिस्ती बाजू. चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोघांनीच जन्मकथा सांगितली आहे. मार्क आणि योहान ख्रिस्ताच्या प्रौढ वयापासून प्रारंभ करतात. तारीख कोणीच देत नाही. मेंढपाळ रात्री उघड्यावर कळप राखत होते, या लूकच्या तपशिलावरून थंडीचे दिवस नसावेत असा तर्क पुष्कळांनी केला आहे. तो अगदी टाकाऊ नाही, निर्णायकही नाही. इसवी सन २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने तत्कालीन मते नोंदवली, त्यांत एप्रिल आणि मे महिन्यांतील तारखा आहेत. पंचवीस डिसेंबर नाही. त्यानंतरच्या पिढीतील ओरिजेनने तर वाढदिवस साजरे करण्यावरच कोरडा ओढला. शास्त्रात वाढदिवस साजरे करणारे कोण, तर फारो आणि हेरोद, असा त्याचा युक्तिवाद होता. म्हणजे आजच्या आक्षेपाचा पूर्वज चर्चच्या पहिल्या मोठ्या विद्वानांतच बसलेला आहे.

पंचवीस डिसेंबर प्रथम दिसतो तो रोममध्ये, ३५४ सालच्या एका पंचांगवजा संग्रहात. त्यातील नोंद ३३६ सालापर्यंत मागे जाते. हीच तारीख का निवडली, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. ऑरेलियन बादशहाने २७४ साली अजिंक्य सूर्याची उपासना राजमान्य केली आणि चर्चने त्या सूर्योत्सवावर आपला सण बसवला, असे एक मत. दुसरे मत असे की ख्रिस्ताचा मृत्यू पंचवीस मार्चला झाला अशी धारणा आधीच होती. थोरांचा गर्भधारणादिन आणि मृत्युदिन एकच, या समजुतीनुसार पंचवीस मार्चमध्ये नऊ महिने मिळवले की पंचवीस डिसेंबर येतो. मला दुसरे मत अधिक पटते, कारण ते ख्रिस्ती लेखकांच्या स्वतःच्या हिशेबांतून निघते. पण समजा पहिले मत खरे असले तरी त्यातून ‘हा सण मुळात मूर्तिपूजकांचा’ एवढाच निष्कर्ष काढून थांबणे घाईचे ठरेल. पूर्वेकडील चर्चांनी बराच काळ सहा जानेवारी धरली. आर्मेनियन चर्च आजही तीच पाळते. जुन्या ज्युलियन गणनेनुसार चालणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चांचा पंचवीस डिसेंबर आपल्या सात जानेवारीला येतो. युक्रेनने २०२३ मध्ये कायदा करून सुटी सात जानेवारीवरून पंचवीस डिसेंबरवर आणली, त्यामागे खगोलशास्त्र नव्हते. रशियापासून वेगळे होण्याची इच्छा होती.

ख्रिस्ती लोकांनीच नाताळावर बंदी घातली होती, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते. स्कॉटलंडच्या धर्मसुधारकांनी १५६० साली शास्त्राधार नसलेले सण वगळले आणि १६४० मध्ये तेथील संसदेने नाताळची सुटी रद्द केली. इंग्लंडमध्ये १६४७ साली प्युरिटन संसदेने सण मोडीत काढला. त्या डिसेंबरात कँटरबरीत दंगल उसळली. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये नाताळला सार्वजनिक सुटी पुन्हा मिळाली ती थेट १९५८ साली.

याचा मराठीशी संबंध जवळचा आहे. मुंबईत १८१३ साली उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मराठी मिशनचे संस्थापक त्याच न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले होते, आणि १८२९ मध्ये मुंबईस आलेले जॉन विल्सन स्कॉटलंडच्या चर्चचे. म्हणजे महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट पंथ ज्यांनी रुजवला, त्यांच्या वडिलार्जित परंपरेत पंचवीस डिसेंबर हा इतर दिवसांसारखाच दिवस होता. तरी अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती समाजात नाताळ चांगलाच रुजला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर भजन-कीर्तनाचे देशी वळण उपासनेत आणले; त्यांची पदे मराठी चर्चांत आजही गायिली जातात. जो समाज आपल्या भाषेत गाऊ लागतो, त्याला गाण्यासाठी सण लागतोच.

उज्जैनमध्येही हाच इतिहास वेगळ्या रूपात दिसतो. माळव्यात इंदूर, महू, नीमच, रतलाम, उज्जैन येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने काम केले. हा पंथही स्कॉटिश मुळाचा. त्यांच्यानंतर १९६८ साली तेथे सायरो-मलबार कॅथलिक चर्चचे धर्मक्षेत्र स्थापन झाले आणि १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. हे चर्च केरळातील संत थॉमसच्या परंपरेचे. तेथे एक डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवसांचा उपवासकाळ पाळण्याची चाल आहे. मांसाहार वर्ज्य, खाण्यापिण्यावर संयम. बाजारातला नाताळ एक डिसेंबरला सुरू होतो तेव्हा यांचे व्रत सुरू होते, हा विरोधाभास पाहण्यासारखा आहे. एकाच शहरात एका परंपरेचे पूर्वज सणच नाकारणारे, तर दुसरी त्या सणासाठी जवळजवळ महिनाभर पोट आवरणारी.

सणाच्या सजावटीचा हिशेब वेगळा मांडायला हवा. गोठ्याचा देखावा तेराव्या शतकातला; संत फ्रान्सिस असिसीकर याने १२२३ साली ग्रेच्चो येथे तो मांडला. झाड जर्मनीकडचे. सांताक्लॉज हा मिराचा बिशप संत निकोलस याचा दूरचा आणि बराच बदललेला वंशज. त्या संताचा स्वतःचा दिवस सहा डिसेंबर. यातले काहीही श्रद्धेचा भाग नाही, आणि कोणत्याही चर्चने तसे म्हटलेलेही नाही. तरी वाद होतात ते यांवरच. उज्जैन विभागातील शाजापूर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये शाळांना सूचना दिली, की मुलांना सांताक्लॉज वगैरे वेश देण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी. पालकांना विचारणे वाईट नाही. पण लाल टोपी म्हणजे ख्रिस्ती धर्म, ही समजूत त्या सूचनेने पक्की केली, आणि ज्या ख्रिस्ती मंडळींना सांता नकोच आहे त्यांचीही गणना तिने त्याच टोपीखाली केली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये त्याच राज्यातील सतना येथे नाताळची गीते गाणाऱ्या सेमिनारीच्या विद्यार्थ्यांना आणि पाद्रींना धर्मांतराच्या तक्रारीवरून पोलीस ठाण्यात नेण्यात आले होते. तेथे गायिले जात होते ते जन्मकथेचे गाणे; म्हणजे सणाचा जो भाग थेट शास्त्रातून येतो, तोच.

मग करावा की करू नये? न करणाऱ्यांची भूमिका हास्यास्पद नाही. यहोवाचे साक्षीदार १९२६ नंतर नाताळ पाळत नाहीत, आणि गोव्यातही काही नवी प्रार्थनामंडळे सदस्यांना सणापासून दूर राहण्यास सांगतात. त्यांचा आधार गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे, जेथे पौल दिवस, महिने आणि ऋतू पाळणाऱ्यांबद्दल चिंता व्यक्त करतो. परंतु त्याच पौलाने रोमकरांस लिहिताना एक दिवस विशेष मानणारा आणि सर्व दिवस सारखे मानणारा, दोघांनाही आपापल्या मनाची खात्री करून घ्यायला सांगितले, आणि एकमेकांचा न्याय करू नका असे बजावले. आज्ञा नाही म्हणून निषिद्ध, हा नियम लावला तर चर्चची इमारत, रविवारची शाळा आणि छापील गीतपुस्तक हेही निषिद्ध ठरते. आज्ञा नाही म्हणून ऐच्छिक, हाच अर्थ सरळ आहे. ज्याला नको त्याला सक्ती नाही, आणि ज्याला हवा त्याने तारखेच्या पुराव्यासाठी उगाच ओढाताण करण्याचे कारण नाही.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. ओव्यांचे. त्याच्या दुसऱ्या पुराणात बेथलेहेमची जन्मकथा आहे. स्टीफन्स मूळचे इंग्रज. त्यांच्या मायदेशी नाताळवर बंदी आली त्याच्या एक पिढी आधी त्यांनी ती कथा मराठीत रचली होती.

प्रत्यक्ष घरांत मात्र हा वाद तारखेवरून कमीच पेटतो. एका भावाने नवे मंडळ धरले, त्याने आईने केलेल्या नेवऱ्या, दोदोल खायचे सोडले. किंवा शेजारच्या हिंदू घरातून चवथीला आलेले ताट परत पाठवले, कारण ते ‘अर्पण केलेले’. ख्रिस्ती घरातून नाताळला येणारे कुस्वार आणि हिंदू घरातून चवथीला जाणारे फराळाचे ताट यांत नेवरी दोन्हीकडे असते, सारणही बहुधा तेच. गोव्यात शेजार टिकला आहे तो पुष्कळसा या ताटांच्या देवघेवीवर. करिंथ शहरातही हाच प्रश्न होता. तेथे मांसाचा होता. पौलाने सांगितले, की कोणी जेवायला बोलावले आणि तुम्हाला जावेसे वाटले, तर पानात जे वाढले जाईल ते सदसद्विवेकाचे प्रश्न न विचारता खा.