भाल्याची भावकी

इंग्रजीत भाल्याला 'स्पिअर' म्हणतात, हे शाळेत पाठ केले तेव्हा त्यात विशेष काही वाटले नव्हते. पुढे कवितेच्या नादाने कोश चाळायची सवय लागली आणि कळले, की इंग्रजीत हा भाला एकटा नाही. त्याची मोठी भावकी आहे आणि तिच्यातले कितीतरी जण वेश पालटून वावरतात.

लसणाचेच घ्या. जुन्या इंग्रजीत भाल्याला आणखी एक शब्द होता, 'गार'. 'लीक' ही कांद्याच्या जातीची भाजी. दोन्ही मिळून झाला 'गार्लिक'. लसणाच्या पाकळीचे निमुळते टोक बघा, म्हणजे नाव देणाऱ्याची नजर कळेल. आमच्या घरी फोडणीत रोज पाच-सहा भाले पडत होते आणि कुणाला पत्ता नव्हता! भाला या अर्थाचा 'गार' पुढे मागे पडला, पण माणसांच्या नावांत टिकला. एडगर, रॉजर, जेरल्ड आणि बायकांतली गर्ट्रूड, साऱ्यांत भालाच आहे. आपल्या भालेरावांचे हे दूरचे सोयरे म्हणायला हरकत नाही. शिंपी घेराच्या कपड्याला तिकोनी कळी लावतो, तिचे इंग्रजी नाव 'गोअर'. तेही याच घरातले.

लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला 'लान्स', म्हणजे घोडेस्वाराचा लांब भाला. त्याची धाकटी बहीण 'लॅन्सेट', गळू फोडायचे डॉक्टरांचे छोटे पाते. टॉमस वेकली यांनी १८२३ साली लंडनला वैद्यकाचे नियतकालिक काढले, त्याला हेच नाव दिले. ते अजून निघते. 'फ्री लान्स' म्हणजे ज्याचा भाला कुणा एका सरदाराला बांधलेला नाही असा भाडोत्री शिपाई. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' (१८१९) या कादंबरीत ही मंडळी भेटतात. आता फ्रीलान्सर म्हणजे आमच्यासारखे, मानधनाच्या चेकची वाट पाहणारे. पुस्तक 'लाँच' होते, तेही याच भाल्याच्या फेकीतून. मात्र गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच वेगळी. ती पोर्तुगीज-स्पॅनिश होडीच्या नावावरून आली. चेहरा सारखा म्हणून नाते जोडू नये.

सर्वांत लांबचा प्रवास 'असेगाय'चा. झुलूंच्या भाल्याला इंग्रज असे म्हणत, पण शब्द झुलूंचा नव्हेच. तो उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांचा. अरबांनी आपले उपपद लावून तो उचलला, त्यांच्याकडून पोर्तुगिजांनी घेतला आणि फिरत फिरत इंग्रजीत येऊन बसला. त्याला कुणी बाहेर काढले नाही.

हे आठवायचे कारण असे. काही वर्षांपूर्वी माझ्या कवितेतला 'नेजा' एका संपादकांनी काढला आणि तिथे 'भाला' घातला. शब्द परका वाटतो, असे पत्रात लिहिले होते. कोश पाहून परका वाटला की माझे नाव पाहून, हे मी विचारले नाही. नेजा फारसी आहे, खरे. पण भाला, बरची आणि मागे दोरी बांधलेला विटा यांच्या शेजारी तो मराठीत पिढ्यान्‌पिढ्या राहिला आहे. शिवाय ती कविता माझ्या दादीवर होती. मोहरममध्ये ती आम्हा मुलांना करबलाची हकिकत सांगायची. इमाम हुसेनांचे शिर शत्रूने नेज्यावर चढवले, इथे आली की थांबायची आणि पदराने डोळे पुसायची. तिच्या तोंडी 'भाला' हा शब्द मी त्या जागी कधी ऐकला नाही. शेतात रानडुकरामागे धावणाऱ्यांच्या हातात मात्र ती भालाच म्हणे.

गंमत म्हणजे त्याच कवितेत खाली 'भालदार' होता, त्याला संपादकांनी हात लावला नव्हता. त्यातला भाला संस्कृत 'भल्ल'वरून आलेला, म्हणजे एका जातीच्या बाणावरून. आणि 'दार' तेवढा फारसी.

मी त्यांना उत्तर लिहिले नाही. पुढे संग्रह निघाला तेव्हा नेजा परत जागेवर ठेवला. भालदार होताच.