बारावीच्या आधी

पहाटे साडेपाच. आमच्या गावात, साखऱ्यात, नेट धड चालतं ते याच वेळी, म्हणून चहा ठेवायच्या आधी लॅपटॉप उघडते. पोळा चार दिवसांवर आलाय. गल्लीत बैलांच्या साजाची चर्चा, आणि माझ्या डोक्यात इन्स्पायर-मानकचे फॉर्म. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही योजना. सहावीपासून पुढच्या मुलांनी आपापली कल्पना मांडायची, शाळेने त्यातल्या पाच निवडून पाठवायच्या. निवड झाली की मॉडेल करण्यासाठी १०,००० रुपये मुलाच्या खात्यात थेट जमा होतात. म्हणजे खातं चालू हवं, आधारला जोडलेलं हवं आणि आधारवरचं नाव शाळेच्या रजिस्टरातल्या नावाशी जुळायला हवं. एका मुलीचं नाव जुळत नाही. तिच्या आजीला निरोप पाठवते: आजच आधार केंद्रावर जाऊन या, आजी, पोळ्यात ते बंद असेल.

सकाळी नऊ. शाळा भरायच्या आधी आठवीची मुलं एनएमएमएसच्या तयारीला येतात. ही परीक्षा पास होऊन गुणवत्ता यादीत नाव लागलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं. महिन्याला हजार रुपये हा आकडा शहरात कुणाच्या नजरेत भरणार नाही. इथे त्या हजारावर मुलीची शाळा दहावीनंतर सुटायची थांबते, हे मी पाहिलंय. बुद्धिमत्ता चाचणीचे दहा प्रश्न सोडवून घेते.

अकरा. नववीचा तास, आणि आज कल्पना ऐकायचा दिवस. पहिली मुलगी हळदीची पट्टी घेऊन आलीय. दुधात सोडा असेल तर पट्टी लालसर होते. बरोबर आहे, करून दाखवते. पण हे पुस्तकात आहे, तू यात स्वतःचं काय घालणार, असं विचारल्यावर ती विचारात पडते. तिला वेळ देते. दुसरा सोयाबीनच्या कुटाराचे दाबून केलेले पुठ्ठे म्हणतो. चांगलं आहे, डिंक कोणता वापरणार हे ठरवून ये म्हणते.

मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठतो. त्यांच्या शेतात मिरची आहे. "मॅडम, मल्चिंग पेपर दुसऱ्या उन्हाळ्यात हात लावला की भुगा होतो. ठिबकची नळी त्याच उन्हात पडलेली असते, ती वर्षानुवर्षं टिकते. असं कामून?"

तास बाजूला ठेवते. असा प्रश्न रोज येत नाही. दोन्ही वस्तू पॉलिथीनच्याच. पॉलिथीन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण त्या साखळ्या तोडतात, साखळ्या तुटल्या की लवचीकपणा जातो आणि पदार्थ ठिसूळ होतो. नळी काळी असते कारण तिच्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, मिसळलेली असते. ती काजळी किरण स्वतः पिते, आतल्या साखळ्यांपर्यंत पोचू देत नाही. शिवाय नळीची भिंत साधारण मिलिमीटरभर जाड; पेपर असतो २५ ते ३० मायक्रॉन. एवढ्या पातळ पापुद्र्याला आत असं काही उरतच नाही, सगळाच पृष्ठभाग. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ठिबक आहे, तरी नळी काळी का, हे कुणी विचारलं नव्हतं. मुलगा म्हणतो, "मग दुकानातनं पेपर आणायच्या आधीच त्याचा दम कळला पाहिजे." त्याची युक्ती अशी: लाकडी चौकट, तिच्यावर वेगवेगळ्या पेपरांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या, प्रत्येकीला खाली सारखं वजन, आणि चौकट पत्र्यावर उन्हात. कोणती पट्टी किती आठवड्यांनी तुटते ते लिहून ठेवायचं.

मोठ्या प्रयोगशाळेत पदार्थ तपासणारे लोक हेच करतात. त्यांच्याकडे ऊन पाडणारा दिवा आणि ओढून बघणारं यंत्र असतं, एवढाच फरक. पाचातली एक जागा त्याची.

दीड. डबा खाताना तालुक्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा फोन. संशोधन प्रकल्प लिहायला घेतलाय, पण पदं रिकामी असल्याने तिघांचे तास एकट्यावर आलेत. त्यांना लागणारी रक्कम फार नाही: भट्टी, तराजू, रसायनं, एका विद्यार्थ्याचा पगार. राज्य विद्यापीठं आणि त्यांच्याशी जोडलेल्या कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी एसईआरबी या केंद्राच्या संशोधन मंडळाने 'शुअर' ही योजना काढली होती, तीन वर्षांसाठी ३० लाखांपर्यंत. एसईआरबी आता नाही. २०२३ च्या कायद्याने तिच्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. पाच वर्षांत ५०,००० कोटी, असं तेव्हा जाहीर झालं. त्यातले १४,००० कोटी केंद्राचे आणि बाकीचा मोठा वाटा उद्योग, दाते अशा सरकारबाहेरच्या स्रोतांकडून यायचा.

माझं म्हणणं मी सरांना सांगते आणि इथेही सांगते. उद्योग पैसा देतील तो त्यांच्या कामाच्या, त्यांच्या ओळखीच्या संस्थांना देतील, त्यात गैर काही नाही. आमच्या सेनगाव तालुक्याच्या वाट्याला कोणता कारखाना येणार? म्हणून सरकारच्या वाट्यातला ठरावीक हिस्सा ग्रामीण कॉलेजांसाठी बांधून ठेवला पाहिजे, आणि प्रकल्प मराठीत मांडायची मुभा हवी. सरांना विषय येतो. त्यांचा वेळ जातो तो इंग्रजी फॉर्मच्या रकान्यांत. फाउंडेशनच्या 'पेअर' योजनेत मोठी संस्था मध्यभागी ठेवून तिला विद्यापीठं जोडतात. तो रस्ता कॉलेजांपर्यंत उतरला तर सरांसारख्यांची सोय होईल.

तीन. दहावीला भिंगं शिकवताना आरशांवर येते, आणि आरशांवर आल्यावर औंढा नागनाथ टाळता येत नाही. आमच्याच जिल्ह्यात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी मंजूर केले, अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान तंत्रज्ञान विभाग मिळून. अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजायच्या, एवढं पोरांना ठाऊक असतं. मी त्यांना आरशाबद्दल सांगते. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकाला वितळवून घडवलेल्या शुद्ध सिलिकाचे आरसे, प्रत्येकी ४० किलोंचे, ३४ सेंटिमीटर व्यासाचे. ते टांगलेले असतात काचेच्याच धाग्यांवर, जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. काच का? देवळातली चांगल्या धातूची घंटा एका टोल्यावर बराच वेळ घुमते, कारण तिच्यात हालचाल लवकर विरत नाही. सिलिका त्याहून कितीतरी पुढची. हालचाल न गिळणारा पदार्थ उष्णतेनेही आपला कंप वाटेल तसा पसरू देत नाही, आणि मोजायचा असतो प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाहूनही लहान फरक. आरशावरच्या लेपाचा कंप अजून नडतो. त्याहून चांगला लेप कोणता, यावर जगभर काम चालू आहे.

"तिथं आपल्याला नोकरी लागंल का?" एकजण विचारतो. लागेल, म्हणते, पण राखणदाराची नको, लेपाची माग.

सव्वापाच. घरी येते तोच जुन्या विद्यार्थिनीचा फोन. नांदेडच्या विद्यापीठात पीएच.डी. करते, इंदूरला निघालीय. तिचं काम निकेल फेराइटचं, चुंबकीय पदार्थ. तो करायची रीत ऐकली तर वाटेल की साखऱ्यातही होईल: धातूंचे नायट्रेट आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवायचं, आटवायचं, घट्ट जेल झालं की तापवायचं. ते आपोआप पेट घेतं, मागे राहते हलकी राख, आणि ती भट्टीत भाजली की फेराइट तयार. खर्च काही हजारांत. पण तयार झालंय ते खरंच फेराइट आहे का, त्यातले अणू कसे बसलेत, थंड केल्यावर चुंबकत्व किती बदलतं, हे सांगणारी यंत्रं कोटींच्या घरातली. पदार्थ बनवणं गरिबाला जमतं, मोजणं जमत नाही. आमच्या भागातल्या संशोधनाची सगळी अडचण या एका ठिकाणी आहे, म्हणून मला सरकारच्या सगळ्या योजनांत सर्वांत मोलाच्या वाटतात त्या सामायिक यंत्रांच्या. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभागाचं इंदूरचं केंद्र १९८९ पासून हेच करतंय: विद्यापीठातल्या मुलांनी प्रयोगाचा प्रस्ताव पाठवायचा, तो मान्य झाला की यंत्र वापरायचे पैसे द्यावे लागत नाहीत. तिथून जवळच राजा रामण्णा केंद्रातलं इंडस-२ सिंक्रोट्रॉन. औंढ्याच्या वेधशाळेच्या कामातही हे राजा रामण्णा केंद्र आहे, हे कळल्यावर ती फोनवरच हसली.

मध्यंतरी तिची अधिछात्रवृत्ती बरेच महिने अडकली होती. तेव्हा तिने शिकवण्या घेतल्या, प्रयोग थांबवले. संशोधनाचा पैसा मंजूर होऊन उशिरा येतो तेव्हा श्रीमंत घरातलं मूल वाट पाहतं आणि शेतकऱ्याचं मूल सोडून देतं. ती टिकली. सगळ्या टिकत नाहीत.

सात. आजचं खरं काम आता. बारावीतल्या एका मुलीच्या घरी जाते. बोर्डाची परीक्षा अजून लांब आहे आणि म्हणूनच आज. आपल्याकडे निकाल लागला की आठवडाभरात घराचा निर्णय होतो: नर्सिंग, डी.फार्म. किंवा लग्न. त्यानंतर योजना सांगून उपयोग नसतो.

वडील स्पष्ट बोलतात. "मॅडम, पोरगी हुशार हाय, ते आम्हालाबी दिसतं. पण बीएस्सी तीन वर्षं, मग दोन, मग आणखी पाच म्हणता. तवर खायचं काय?"

कॅलेंडरच्या मागे लिहून दाखवते. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली आणि बीएस्सीला मूलभूत विज्ञान घेतलं, तर इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० हातात, २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधनासाठी. फॉर्मवर मटेरियल सायन्स शोधू नकोस, मुलीला सांगते; त्या यादीत ते नाही आणि सीएसआयआर-नेटच्या पाच विषयांतही नाही. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घ्यायचं आणि पुढे तिकडे वळायचं. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ निघाली तर महिना ३७,०००, वर घरभाडं. दोन वर्षांनी ४२,०००. विद्यापीठात पहिली आली तर इन्स्पायर फेलोशिपचा मार्ग वेगळा. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती आपापल्या प्रवर्गातल्या पीएच.डी.च्या मुलांना अधिछात्रवृत्ती देतात. गेट दिली तर एम.टेक.ला विद्यावेतन मिळतं, तिथे मटेरियल सायन्स नावानिशी आहे.

वडील साठ हजारांवरच थांबलेत. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८. "म्हंजे अकरा क्विंटल," ते म्हणतात. "आन् तेबी हमीभावानं." बाजारात तो मिळेलच असं नाही, हे त्यांनी बोलायची गरज नसते.

"आणि नेट निघालीच न्हाई तर?"

खोटं सांगत नाही. बसतात पुष्कळ, निघते थोड्यांची. एक टक्काही सोपा नाही. पण एमएस्सी झालेली मुलगी बी.एड. करून शिकवू शकते, कारखान्यांच्या तपासणी प्रयोगशाळांत लागू शकते. ती रिकाम्या हाताने परत येत नाही. आई इतका वेळ चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणते, "कागद कोणते लागतेत ते सांगा. तलाठ्याकडं मी जाते."

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, खात्याची आधारजोडणी. कॅलेंडरवर लिहून देते. वडील अजून हो म्हणालेले नाहीत. निकालानंतर बघू, म्हणतात. दिवाळीत मी पुन्हा जाणार आहे, तेव्हा इंदूरहून आलेल्या मुलीलाही सोबत नेईन. पगाराचा मेसेज तिने स्वतःच्या फोनवर दाखवलेला बरा.

साडेनऊ. चार कल्पना भरून होतात. आजीचा निरोप आलाय: नावाची दुरुस्ती टाकली, पावती मिळाली. पट्ट्यांच्या चौकटीचा मजकूर माझ्या हातून फार पुस्तकी झालाय. तो तसा पाठवत नाही. उद्या मधल्या सुट्टीत त्या मुलाला बसवून त्याच्याच शब्दांत लिहून घेईन, आणि पट्टीला किती वजन लावायचं तेही त्यालाच ठरवायला सांगेन.