इंजिनचं काम बिघडलं? गाडी दुसऱ्या गॅरेजला नेण्याआधी हे वाचा

हजारो रुपये देऊन इंजिनचं काम केलं आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा धूर सोडू लागली, तर अनेकजण चिडून दुसरा मेकॅनिक गाठतात. त्याने इंजिन खोललं की पहिल्याने काय बिघडवलं, हे सिद्ध करणं अवघड होतं.

आधी काय करायचं?

पार्ट आणि मजुरी वेगळी दाखवणारं पक्कं बिल घ्या. बदललेले जुने पार्ट परत मागा. बिघाडाचा व्हिडिओ काढा. मग गॅरेजला लेखी कळवून मुदत द्या. व्हॉट्सॲपवरचा मेसेजही जपून ठेवा. मुदत उलटली तरच दुसऱ्या मेकॅनिककडे जा. इंजिन खोलताना व्हिडिओ काढा आणि दोष त्याच्याकडून लिहून घ्या.

गॅरेजवाला ऐकत नसेल तर?

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही मार्ग निघाला नाही, तर हिंगोलीचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार निकृष्ट दुरुस्ती ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. दुरुस्तीसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

गॅरेज नांदेडला असेल तर?

तक्रारदार वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा असा जिल्ह्यात कुठेही राहत असला, तरी हिंगोलीतच तक्रार करता येते. मुदत मात्र २ वर्षांची. पैसे परत, नुकसानभरपाई, खर्च हे सगळं मागता येतं, पण कागद हातात असेल तरच.