गुरूच्या वाटेवरची जोडी : पॅट्रोक्लस

गुरू ज्या कक्षेतून सूर्याभोवती फिरतो, जवळपास त्याच कक्षेतून त्याच्या मागे पॅट्रोक्लस हा लघुग्रह फिरत असतो. एका फेरीला त्यालाही गुरूइतकीच, सुमारे १२ वर्षे लागतात. मग एवढ्या अवाढव्य ग्रहाच्या वाटेत राहून तो त्याच्यावर आदळत कसा नाही?

सूर्य, गुरू आणि पॅट्रोक्लस हे तीन बिंदू रेषांनी जोडले, तर साधारण समभुज त्रिकोण तयार होतो. म्हणजे गुरू सूर्यापासून जितका दूर आहे (सुमारे ७८ कोटी किलोमीटर), जवळपास तितकाच पॅट्रोक्लसपासूनही. अशी त्रिकोणी मांडणी टिकू शकते, हे लग्रांज या गणितज्ञाने १७७२ मध्येच कागदावर मांडले होते. गुरूच्या ६० अंश पुढे आणि ६० अंश मागे असलेल्या या जागांभोवती लघुग्रह घुटमळत राहतात. त्यांतला पहिला, अकिलीस, १९०६ मध्ये सापडला आणि त्याच वर्षी पॅट्रोक्लसही.

या लघुग्रहांना ट्रॉयच्या युद्धातील वीरांची नावे देतात. पुढची छावणी ग्रीकांची, मागची ट्रॉयची. पण हा नियम ठरण्याआधीच नामकरण झाल्यामुळे बिचारा ग्रीक पॅट्रोक्लस शत्रूच्या गोटात अडकला आहे!

२००१ मध्ये कळले की हा एकटा नाही. पॅट्रोक्लस आणि मेनीशियस असे प्रत्येकी शंभरेक किलोमीटर व्यासाचे दोन गोळे साधारण ६८० किलोमीटर अंतरावरून एकमेकांभोवती फिरतात. त्यांची घनता पाण्याहूनही कमी भरते, त्यामुळे त्यांत बर्फ आणि पोकळ्या भरपूर असाव्यात.

खरी गंमत ही जोडी अजून टिकली आहे यात आहे. सूर्यमालेच्या बालपणी मोठ्या ग्रहांच्या कक्षा सरकल्या आणि त्या गोंधळात दूरवरचे लघुग्रह गुरूच्या या जागांमध्ये अडकले, असे मानले जाते. पण कधी? पॅट्रोक्लसची जोडी आधी लघुग्रहांच्या दाट गर्दीत कोट्यवधी वर्षे राहिली असती, तर टकरींमुळे फुटून वेगळी झाली असती. त्यामुळे ग्रहांची ही हलवाहलव सूर्यमालेच्या पहिल्या १० कोटी वर्षांतच उरकली असावी, असे संशोधकांचे गणित सांगते. एका जोडीवरून एवढा निष्कर्ष काढणे धाडसाचे वाटेल, पण तर्क भक्कम आहे.

२०२१ मध्ये निघालेले नासाचे ल्युसी यान मार्च २०३३ मध्ये या जोडीजवळून जाणार आहे. दोन्ही गोळ्यांवरची विवरे तेव्हा जवळून मोजता येतील.