नावाविना आलेली पुस्तकं

डिसेंबर १८१७ संपता संपता लंडनमध्ये जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ आणि ‘पर्सुएशन’ एकत्र प्रसिद्ध झाल्या. १ जानेवारी १८१८ला मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ आली. कोणत्याच पुस्तकाच्या शीर्षकपानावर लेखिकेचं नाव नव्हतं. जेन जुलैतच वारली होती. आतल्या परिचयात भाऊ हेन्रीने तिचं नाव प्रथमच उघड केलं. मेरी तेव्हा वीस वर्षांची. प्रस्तावना नवऱ्याने, पर्सी शेलीने लिहिलेली, त्यामुळे कादंबरीही त्याचीच असा अनेकांचा समज झाला.

एक अविवाहित, घरात रमलेली. दुसरी सोळाव्या वर्षी विवाहित कवीबरोबर पळून गेलेली. दोघींची तुलना बहुधा इथेच थांबते. मला महत्त्वाचा वाटतो तो दोघींचा पैशाशी चाललेला झगडा.

वडील १८०५मध्ये गेल्यावर जेन, आई आणि बहीण कॅसँड्रा यांचा भार भावांवर आला. १८०९मध्ये एडवर्डने चॉटनचं घर दिलं, तेव्हा कुठे तिचं लेखन मार्गी लागलं. १८०३मध्ये दहा पौंडांना विकलेलं हस्तलिखित प्रकाशकाने छापलंच नाही. तेवढेच पैसे मोजून ते १८१६मध्ये परत घेतलं. तेच पुढे ‘नॉर्दँगर ॲबी’ झालं. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क ११० पौंडांत गेले, म्हणून पुढच्या आवृत्त्यांतून तिला काहीच मिळालं नाही.

तरी जेनच्या डोक्यावर छप्पर होतं, सोबत बहीण होती. मेरीची आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, लेकीच्या जन्मानंतर अकरा दिवसांत गेली. मेरीची तीन मुलं दगावली. १८२२मध्ये पर्सी इटलीच्या समुद्रात बुडाला, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. पदरात एक लहान मुलगा. सासरे सर टिमथी यांनी मुलाला आपण नेमलेल्या पालकाच्या हवाली केलं तर सांभाळू म्हटलं. तिने ठाम नकार दिला. पुढे त्यांनी थोडी रक्कम सुरू केली, तीही इस्टेटीवरचं कर्ज म्हणून, आणि पर्सीचं चरित्र लिहायचं नाही या अटीवर.

एकोणिसाव्या वर्षी लिहिलेल्या एका पुस्तकाची कीर्ती सगळे सांगतात. ही पुढची वर्षं मात्र सांगायची राहतात. कादंबऱ्या, नियतकालिकांसाठी कथा, विश्वकोशासाठी इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच लेखकांची चरित्रं: मेरी लिहीत राहिली आणि मुलाला शिकवत राहिली. १८३९मध्ये तिने पर्सीच्या कविता संपादित केल्या. चरित्राला बंदी होती, म्हणून कवितांना टिपा जोडल्या. कोणती कविता कुठे, कोणत्या मनःस्थितीत लिहिली गेली, ते त्यांत सांगितलं. सासऱ्यांनी नाकारलेलं चरित्र तिने असं छापून घेतलं.