स्कर्ट एका बाजूला वर का जातो?

शाळेचा नवा स्कर्ट शिवून होतो, मुलीला घालून बघावा तर खालची कड एका बाजूला वर! शिंप्याने शिवला असेल तर आपण त्याला नावं ठेवतो, घरी शिवला असेल तर मुकाट्याने दुमड उसवतो. पुन्हा तेच झालं की मग मुलीवर ओरडतो, "नीट उभी राहा ना जरा!"

आमच्या शेजारच्या वहिनींनी दोन महिने हेच केलं. मुलगी नऊ वर्षांची. शेवटी एका दुपारी त्यांनी स्कर्ट बाजूला ठेवला आणि मुलीचे पायच मापायला घेतले. तुमच्याही घरी असं होत असेल तर शिवणाच्या डब्यातली टेप काढा. मात्र कंबरेपासून टाचेपर्यंत नुसती टेप सोडू नका. तसं केलं तर दर वेळी निराळा आकडा येतो. माप हाडापासून हाडापर्यंतच घ्यायचं.

मुलीला सतरंजीवर उताणी झोपवा. गादीवर नको, अंग खाली दबतं. पाय सरळ, एकमेकांपासून वीतभर लांब. डावा जेवढा बाहेर, तेवढाच उजवा. कंबरेच्या पुढच्या बाजूला, परकराची नाडी बांधतो त्याच्या जरा खाली, दोन्हीकडे हाडाचं एकेक टोक हाताला लागतं. अंगठा खालून वर सरकवत न्या, म्हणजे तो त्या टोकाला अडेल. तिथे बॉलपेनने खूण करा. (गुदगुल्या होतात, मुलगी हसणारच. हसू द्या, पण मग पाय पुन्हा सरळ करून घ्या.) दुसरी खूण पायाच्या आतल्या घोट्याच्या खालच्या टोकावर. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पायाची खरी लांबी.

प्रत्येक पाय तीनदा मापा, तेही सेंटिमीटरमध्ये. आकडे दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांगा, कारण आधीचा आकडा डोक्यात असला की टेप आपोआप तिथेच जाऊन थांबते! तिन्हींची सरासरी काढा.

यानंतर आणखी एक माप घ्या, बेंबीपासून प्रत्येक आतल्या घोट्यापर्यंत. पहिलं माप दोन्हीकडे सारखं आणि हे मात्र वेगळं आलं, तर पाय सारखेच आहेत, कंबर कललेली आहे असं समजावं. मग पाठीचा कणा, खुब्याचा सांधा हे डॉक्टरांनी बघायला हवं.

पडताळा पाहायला जुन्या वह्या घ्या. मुलीला अनवाणी, गुडघे ताठ ठेवून उभी करा. मागे बसून दोन्ही तळहात तिच्या कंबरेच्या हाडांवर आडवे ठेवा. जी बाजू खाली वाटेल त्या पावलाखाली एकेक वही सरकवा. हात एका पातळीत आले की थांबा आणि वह्यांची जाडी पट्टीने मोजा. मला विचाराल तर टेपपेक्षा याच मापावर माझा भरवसा जास्त.

फरक सेंटिमीटरच्या आत असेल तर जिवाला घोर लावून घेऊ नका. एवढा फरक पुष्कळांच्या पायांत असतो, शिवाय घरच्या टेपची चूकही तेवढी सहज होते. त्याहून जास्त असेल, मूल लंगडत असेल, कंबर किंवा गुडघा दुखतो म्हणत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. ते वाटलं तर एक्स-रेवर अचूक माप काढतात. आपल्या मनाने चांभाराकडून टाच मात्र उंच करून घेऊ नका. आणि तान्ह्या बाळाच्या मांड्यांच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या दिसत नसतील, एक मांडी बाहेर कमी उघडत असेल, किंवा नुकतं चालू लागलेलं मूल एका बाजूला झुकून चालत असेल, तर टेप शोधण्यात वेळच घालवू नका. खुबा जागेवर नसण्याची शक्यता असते आणि तिथे जितकं लवकर दाखवाल तितके उपचार सोपे.

वहिनींच्या मुलीचा फरक दीड सेंटिमीटर निघाला. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "कधी हाड मोडलं होतं का?" मोडलं होतं. तीन वर्षांपूर्वी झोपाळ्यावरून पडून उजव्या मांडीचं. वहिनी म्हणाल्या, "पण डॉक्टर, लांब तर तोच पाय आहे!" तेव्हा कळलं, की लहानपणी मांडीचं हाड मोडून जुळताना तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि ते हाड दुसऱ्यापेक्षा थोडं जास्तच वाढू शकतं. औषध नाही, बुटात पट्टी नाही. सहा महिन्यांनी पुन्हा मापून आणा, एवढंच सांगितलं.

"दोन महिने पोरीला उगाच बोलले गं," एवढंच वहिनी मला म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी स्कर्टची उजवीकडची दुमड बोटभर सोडली, आणि मापांचा कागद तारीख घालून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला.